ग्लोरी रोड (चित्रपट)

ग्लोरी रोड हा इ.स. २००६ मध्ये प्रदर्शित झालेला इंग्लिश भाषेतील अमेरिकन क्रीडापट आहे. टेक्सास वेस्टर्न कॉलेज या संस्थेच्या बास्केटबॉल संघाने इ.स. १९६६ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले. चित्रपटाची कथा या घटनेवर आधारलेली आहे. अंतिम सामन्याच्या प्रारंभी टेक्सास वेस्टर्नचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. स्पर्धेच्या अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी घडले नव्हते. प्रतिस्पर्धी केंटकी विद्यापीठाच्या संघात मात्र सर्व खेळाडू श्वेतवर्णीय होते. त्यामुळे हा सामना अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातील वांशिक एकात्मीकरणाचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

चित्रपटाचे दिग्दर्शन जेम्स गार्टनर यांनी केले असून निर्माते जेरी ब्रुकहायमर आहेत. वॉल्ट डिस्ने पिक्चर्सने तो १३ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित केला. प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांची प्रमुख भूमिका जॉश लुकास यांनी केली आहे. मूळ घटनाक्रमात चित्रपटाने बरेच बदल केले आहेत. अनेक वर्षे चाललेली प्रक्रिया त्यात एका हंगामात आणि एका प्रशिक्षकाच्या निर्णयात सामावली गेली आहे. म्हणून चित्रपट समजून घेताना त्यामागील इतिहास स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक ठरते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

### वांशिक विलगीकरण आणि महाविद्यालयीन खेळ

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या शाळा व महाविद्यालये होती. इ.स. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांमधील हे विलगीकरण घटनाबाह्य ठरवले. इ.स. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा आणि इ.स. १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा संमत झाला. तथापि, कायद्यात झालेला बदल प्रत्यक्ष व्यवहारात उतरण्यास बराच काळ लागला आणि खेळाचे मैदानही त्याला अपवाद नव्हते.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांना व्यावसायिक खेळांच्या तोडीची लोकप्रियता आहे. गुणवान खेळाडूंना विद्यापीठे शिष्यवृत्ती देऊन प्रवेश देतात. त्यामुळे एखाद्या संघात कोणाला स्थान मिळते हा प्रश्न उच्च शिक्षणाचे दार कोणाला उघडे आहे या प्रश्नाशी थेट जोडलेला होता. दक्षिणेतील प्रमुख विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या गटातील बास्केटबॉल संघांत इ.स. १९६६ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नव्हता. देशाच्या इतर भागांत कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले जात असे, परंतु एका वेळी किती जणांना खेळवावे याविषयी अनेक ठिकाणी अलिखित मर्यादा पाळली जाई. स्वतःच्या मैदानावर कमी आणि बाहेरगावी किंवा संघ पिछाडीवर असताना थोडे अधिक, अशी ही मर्यादा असल्याचे प्रशिक्षकांच्या वर्तुळात उपहासाने सांगितले जाई.

### आधीचे टप्पे

टेक्सास वेस्टर्नच्या विजयापूर्वीही या मर्यादेला छेद देणारे संघ होऊन गेले होते. बिल रसेल आणि के.सी. जोन्स यांच्यासह कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बळावर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने इ.स. १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. इ.स. १९६३ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने चार कृष्णवर्णीय खेळाडूंसह सामने सुरू करत विजेतेपद पटकावले. त्याच स्पर्धेत लोयोलाविरुद्ध खेळण्यासाठी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या श्वेतवर्णीय संघाला आपल्या राज्यातून गुपचूप बाहेर पडावे लागले होते, कारण मिश्रवर्णीय संघाशी खेळण्यास तेथील राजकीय नेतृत्वाचा विरोध होता.

### एल पासो आणि टेक्सास वेस्टर्न

एल पासो हे शहर टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवर आहे. रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडे मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस हे शहर लागते. स्पॅनिशभाषक लोकसंख्या आणि लष्करी तळ यांमुळे येथील समाजरचना टेक्सासच्या पूर्व भागापेक्षा वेगळी होती.

टेक्सास वेस्टर्नमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो एका न्यायालयीन लढ्यामुळे. एल पासोमधील थेल्मा व्हाइट या गुणवत्ता यादीत पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीला केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारण्यात आला होता. तिने दाखल केलेल्या दाव्याचा निकाल इ.स. १९५५ मध्ये तिच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात पाऊल ठेवले. व्हाइट यांनी स्वतः तोपर्यंत शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात शिक्षण सुरू केले होते आणि त्या तेथेच राहिल्या. इ.स. १९५६ मध्ये चार्ली ब्राउन हे टेक्सास वेस्टर्नच्या बास्केटबॉल संघातील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले.

डॉन हॅस्किन्स इ.स. १९६१ मध्ये प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. ओक्लाहोमा राज्यातील ईनिड गावी वाढलेले हॅस्किन्स नामवंत प्रशिक्षक हेन्री आयबा यांचे शिष्य होते. टेक्सासमधील लहान गावांच्या माध्यमिक शाळांत त्यांनी मुलांच्या आणि मुलींच्या संघांना प्रशिक्षण दिले होते. ते एल पासोला आले तेव्हा संघात कृष्णवर्णीय खेळाडू आधीपासूनच होते. त्यांपैकी एक नोलन रिचर्डसन. त्यांनी पुढे प्रशिक्षक या नात्याने आर्कान्सा विद्यापीठाला इ.स. १९९४ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. हॅस्किन्स यांच्या मार्गदर्शनाखाली खेळलेले जिम बार्न्स हे इ.स. १९६४ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडप्रक्रियेत देशात सर्वप्रथम निवडले गेले.

## कथानक

चित्रपटाच्या आरंभी हॅस्किन्स एका माध्यमिक शाळेत मुलींच्या संघाचे प्रशिक्षक असतात. टेक्सास वेस्टर्नकडून बोलावणे आल्यावर ते पत्नी मेरी आणि मुलांसह एल पासोला येतात. महाविद्यालयाकडे बास्केटबॉलसाठी पुरेसा निधी नसतो आणि राहण्यासाठी त्यांना मुलांच्या वसतिगृहातच जागा मिळते. नामांकित श्वेतवर्णीय खेळाडू या अपरिचित महाविद्यालयात येण्यास तयार नसतात. तेव्हा हॅस्किन्स आणि त्यांचे सहकारी उत्तरेकडील औद्योगिक शहरांत जाऊन, इतर विद्यापीठांनी दुर्लक्षित केलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊ करतात. अशा प्रकारे संघात सात कृष्णवर्णीय खेळाडू दाखल होतात.

पुढील भागात संघाची जडणघडण येते. हॅस्किन्स यांचा भर कठोर शिस्त, बचाव आणि खेळाच्या मूलभूत तंत्रावर असतो, तर बॉबी जो हिल या खेळाडूची शैली मोकळी आणि चमकदार असते. या दोघांतील संघर्ष कथानकाचा एक महत्त्वाचा धागा आहे. संघातील श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये सुरुवातीला अविश्वास असतो. हॅरी फ्लोर्नॉयच्या अभ्यासावर लक्ष ठेवण्यासाठी त्याची आई थेट वर्गात येऊन बसते, हा प्रसंग विनोदी अंगाने रंगवला आहे. विली केजरचा हृदयविकार उघडकीस आल्याने त्याचे खेळणे धोक्यात येते.

संघ जिंकू लागताच विरोधही तीव्र होतो. प्रेक्षक खेळाडूंवर वस्तू फेकतात आणि शिव्या देतात. नेव्हिल शेडला एका उपाहारगृहात मारहाण होते. मुक्कामाच्या खोल्यांची नासधूस करून भिंतींवर वर्णद्वेषी मजकूर लिहिला जातो. हॅस्किन्स यांच्या घरी धमकीची पत्रे येतात. या ताणाखाली संघ सिॲटल विद्यापीठाविरुद्ध हंगामातील एकमेव सामना गमावतो.

त्यानंतर संघ राष्ट्रीय स्पर्धेत कॅन्सस विद्यापीठावर निसटता विजय मिळवून पुढे अंतिम फेरी गाठतो. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री हॅस्किन्स आपण केवळ कृष्णवर्णीय खेळाडूंना मैदानात उतरवणार असल्याचे जाहीर करतात. श्वेतवर्णीय सहकारी हा निर्णय स्वीकारतात. अडॉल्फ रप यांच्या बलाढ्य केंटकी संघावर टेक्सास वेस्टर्न मात करतो आणि एल पासोमध्ये संघाचे जल्लोषात स्वागत होते. अखेरीस खऱ्या खेळाडूंचे पुढील आयुष्य थोडक्यात सांगितले असून, श्रेयनामावलीसोबत हॅस्किन्स, त्यांचे खेळाडू आणि केंटकीचे तत्कालीन खेळाडू पॅट रायली यांच्या मुलाखतींचे अंश दाखवले आहेत.

## प्रमुख कलाकार

- जॉश लुकास – डॉन हॅस्किन्स, टेक्सास वेस्टर्नचे प्रशिक्षक
- डेरेक ल्यूक – बॉबी जो हिल
- ऑस्टिन निकोल्स – जेरी आर्मस्ट्राँग
- मेहकॅड ब्रुक्स – हॅरी फ्लोर्नॉय
- अल शिअरर – नेव्हिल शेड
- शिन ए.एस. कर – डेव्हिड लॅटिन
- डमेन रॅडक्लिफ – विली केजर
- सॅम जोन्स (तिसरे) – विली वर्स्ली
- अल्फॉन्सो मॅकऑली – ऑर्स्टन आर्टिस
- एमिली डेशनेल – मेरी हॅस्किन्स
- एव्हन जोन्स – मो आयबा, सहायक प्रशिक्षक
- रेड वेस्ट – रॉस मूर, संघाचे शारीरिक प्रशिक्षक
- जॉन व्हॉइट – अडॉल्फ रप, केंटकीचे प्रशिक्षक

## निर्मिती

जाहिरातपटांच्या क्षेत्रात काम केलेल्या जेम्स गार्टनर यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच कथापट होता. पटकथा क्रिस्टोफर क्लीव्हलंड आणि बेटिना जिलोई यांनी लिहिली, तर संगीत ट्रेव्हर रॅबिन यांचे आहे. निर्माते ब्रुकहायमर यांनी इ.स. २००० मध्ये रिमेंबर द टायटन्स हा चित्रपट निर्माण केला होता. व्हर्जिनिया राज्यातील एका शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघातील वांशिक एकात्मीकरण हा त्याचा विषय होता. ग्लोरी रोड त्याच परंपरेतील चित्रपट मानला जातो.

चित्रीकरणाचा मोठा भाग लुइझियाना राज्यात आणि काही भाग एल पासोमध्ये झाला. हॅस्किन्स यांच्या शरीरयष्टीशी साम्य साधण्यासाठी लुकास यांनी आपले वजन वाढवले. हॅस्किन्स आणि डेव्हिड लॅटिन हे दोघेही चित्रपटात लहानशा भूमिकांत दिसतात. हॅस्किन्स यांनी लेखक डॅन वेट्झेल यांच्यासह लिहिलेले ग्लोरी रोड याच नावाचे आत्मकथनही चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास प्रकाशित झाले.

## इ.स. १९६६ चा हंगाम आणि अंतिम सामना

टेक्सास वेस्टर्नच्या बारा खेळाडूंच्या संघात सात कृष्णवर्णीय, चार श्वेतवर्णीय आणि एक मेक्सिकन-अमेरिकन खेळाडू होते. हिल हे मिशिगन राज्यातील डेट्रॉइटलगतच्या हायलंड पार्कचे, लॅटिन टेक्सासमधील ह्यूस्टनचे, आर्टिस आणि फ्लोर्नॉय इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादनगरीचे, तर वर्स्ली, शेड आणि केजर न्यू यॉर्कचे होते. संघाने ओळीने २३ सामने जिंकले. नियमित हंगामातील अखेरच्या सामन्यात सिॲटलने त्यांचा ७४–७२ असा पराभव केला. राष्ट्रीय क्रमवारीत टेक्सास वेस्टर्न तिसऱ्या, ड्यूक विद्यापीठ दुसऱ्या आणि केंटकी पहिल्या स्थानावर होते.

स्पर्धेतील संघाचे निकाल पुढीलप्रमाणे होते.

- पहिली फेरी: ओक्लाहोमा सिटीविरुद्ध ८९–७४
- दुसरा सामना: सिनसिनाटीविरुद्ध ७८–७६ (एक जादा वेळ)
- विभागीय अंतिम सामना: कॅन्ससविरुद्ध ८१–८० (दोन जादा वेळा)
- उपांत्य सामना: युटाविरुद्ध ८५–७८
- अंतिम सामना: केंटकीविरुद्ध ७२–६५

कॅन्ससविरुद्धच्या सामन्यात पहिल्या जादा वेळेच्या शेवटी कॅन्ससच्या जो जो व्हाइट यांनी मारलेला चेंडू जाळीत गेला होता. परंतु त्यांचा पाय सीमारेषेवर पडल्याचा निर्णय पंचांनी दिला आणि सामना पुढे चालू राहिला. उपांत्य सामन्यात युटाचे जेरी चेंबर्स अतिशय प्रभावी खेळत होते. त्यांना रोखण्याचे काम हॅस्किन्स यांनी श्वेतवर्णीय राखीव खेळाडू जेरी आर्मस्ट्राँग यांच्यावर सोपवले आणि त्यांनी ते यशस्वीपणे पार पाडले.

अंतिम सामना १९ मार्च १९६६ रोजी मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क येथील कोल फील्ड हाउसमध्ये झाला. केंटकीचे खेळाडू उंचीने फारसे मोठे नसले तरी चपळ होते. त्यांच्या वेगाला उत्तर म्हणून हॅस्किन्स यांनी शेड यांच्याऐवजी सुमारे १६८ सेंटिमीटर उंचीच्या वर्स्ली यांना सुरुवातीपासून खेळवले. सामन्याच्या प्रारंभीच लॅटिन यांनी रायली यांच्या डोक्यावरून चेंडू जोरात जाळीत घातला. पूर्वार्धात हिल यांनी टॉमी क्रॉन आणि लुई डॅम्पियर यांच्याकडून काही सेकंदांच्या अंतराने चेंडू हिसकावून दोन वेळा गुण मिळवले. हे दोन क्षण सामन्याला कलाटणी देणारे मानले जातात. मध्यंतराला टेक्सास वेस्टर्न ३४–३१ असा आघाडीवर होता. दुखापतीमुळे फ्लोर्नॉय यांना लवकर बाहेर जावे लागले. तरीही संघाने केवळ सात कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बळावर सामना पूर्ण केला. हिल यांनी सर्वाधिक २०, लॅटिन यांनी १६ आणि आर्टिस यांनी १५ गुण मिळवले. केंटकीकडून डॅम्पियर आणि रायली यांनी प्रत्येकी १९ गुण नोंदवले.

गुणफलकाचा तपशील उद्बोधक आहे. चालू खेळातून केंटकीने २७ वेळा, तर टेक्सास वेस्टर्नने २२ वेळाच चेंडू जाळीत टाकला. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळणाऱ्या फ्री थ्रोमध्ये टेक्सास वेस्टर्नने ३४ पैकी २८ आणि केंटकीने १३ पैकी ११ यशस्वी केले. कृष्णवर्णीय खेळाडू अंगभूत कौशल्यावर खेळतात, त्यांच्यात शिस्त आणि संयम नसतो, असा समज त्या काळी रूढ होता. प्रत्यक्षात हा विजय चिवट बचाव, चेंडूवरील नियंत्रण आणि दडपणाखाली केलेली अचूक फेक यांतून मिळाला.

## चित्रपट आणि इतिहास यांतील फरक

कालक्रम: चित्रपटात हॅस्किन्स रुजू झाल्यावर पहिल्याच हंगामात संघ विजेता ठरतो. प्रत्यक्षात इ.स. १९६५–६६ हा त्यांचा पाचवा हंगाम होता आणि तत्पूर्वी इ.स. १९६३ व १९६४ मध्ये संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळला होता.

एकात्मीकरणाचा आरंभ: महाविद्यालयात कृष्णवर्णीय खेळाडू आणण्याचे श्रेय चित्रपट हॅस्किन्स यांना देतो. वस्तुतः त्यांच्या आगमनापूर्वी पाच वर्षे ही सुरुवात झाली होती. थेल्मा व्हाइट यांचा दावा, चार्ली ब्राउन यांचा प्रवेश आणि बार्न्स यांची कामगिरी यांना चित्रपटाच्या कथेत स्थान नाही.

अंतिम सामन्याचा निर्णय: पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सामना सुरू करणे ही त्या संघासाठी नवी गोष्ट नव्हती. हंगामातील इतर सामन्यांतही तसे घडले होते. आपण सामाजिक संदेश देण्यासाठी नव्हे, तर सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांना खेळवले, असे हॅस्किन्स यांनी आयुष्यभर सांगितले. चित्रपटात मात्र हा निर्णय जाणीवपूर्वक घेतलेली भूमिका म्हणून रंगवला आहे. दोन्ही मांडण्यांतील अंतर महत्त्वाचे आहे. चित्रपटातील निर्णय एका रात्रीचा आहे. हॅस्किन्स यांच्या सांगण्यानुसार वर्ण न पाहता संघ निवडणे हीच नेहमीची रीत होती, आणि त्या काळी ती इतरत्र पाळली जात नसल्याने हा सामना ऐतिहासिक ठरला.

ईस्ट टेक्सास स्टेटचा सामना: ईस्ट टेक्सास स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर प्रेक्षक टेक्सास वेस्टर्नच्या खेळाडूंशी वर्णद्वेषी वर्तन करतात, असे चित्रपटात दाखवले आहे. त्या हंगामातील हा सामना प्रत्यक्षात एल पासोमध्येच झाला होता. त्या विद्यापीठाने या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला.

अडॉल्फ रप यांचे चित्रण: रप यांनी इ.स. १९३० ते १९७२ या काळात केंटकीचे प्रशिक्षकपद भूषवले आणि चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्या वांशिक दृष्टिकोनाविषयी मतभेद आहेत. त्यांनी वेस अन्सेल्ड यांच्यासारख्या कृष्णवर्णीय खेळाडूला संघात आणण्याचा प्रयत्न केला होता, याकडे त्यांचे समर्थक लक्ष वेधतात. टीकाकारांच्या मते हे प्रयत्न अपुरे होते, कारण केंटकीकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू इ.स. १९७० पर्यंत मैदानात उतरला नाही.

## सामन्याचे परिणाम

ज्या दिवशी कॉलेज पार्कमध्ये अंतिम सामना झाला, त्याच दिवशी टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूल या कृष्णवर्णीय शाळेने प्रथमच सर्वांसाठी खुली झालेली राज्य स्पर्धा जिंकली. त्या संघातील पेरी वॉलेस यांनी काही आठवड्यांतच व्हँडरबिल्ट विद्यापीठात जाण्याचा निर्णय घेतला. डिसेंबर १९६७ मध्ये ते साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील विद्यापीठाच्या मुख्य बास्केटबॉल संघातून खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. बाहेरगावच्या मैदानांवर त्यांना शिवीगाळ आणि धमक्या सहन कराव्या लागल्या. पुढे ते कायद्याचे प्राध्यापक झाले. इ.स. १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच्या वर्षांत या गटातील उर्वरित विद्यापीठांनीही कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले. हा बदल केवळ एका सामन्यामुळे झाला असे म्हणता येत नाही. नागरी हक्क चळवळ, नवे कायदे आणि न्यायालयीन निर्णय यांचा त्यात मोठा वाटा होता. तथापि, कृष्णवर्णीय खेळाडूंना वगळून यापुढे जिंकणे कठीण आहे, हे या सामन्याने दक्षिणेतील प्रशिक्षकांना दाखवून दिले.

विजयानंतर हॅस्किन्स यांना देशभरातून द्वेषाने भरलेली असंख्य पत्रे आली. दुसऱ्या बाजूने, त्यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंचा केवळ वापर करून घेतला, असाही आरोप झाला. इ.स. १९६८ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या नियतकालिकाने जॅक ओल्सेन यांची कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्थितीवरील लेखमाला प्रसिद्ध केली. तोपर्यंत टेक्सास वेस्टर्नचे नाव बदलून टेक्सास विद्यापीठ, एल पासो असे झाले होते. मैदानावर टाळ्या मिळवणाऱ्या या खेळाडूंना शिक्षण, निवास आणि सामाजिक जीवनात दुय्यम वागणूक मिळते, अशी टीका त्या लेखमालेत या विद्यापीठावर करण्यात आली. हॅस्किन्स आणि संघातील खेळाडूंनी बास्केटबॉल संघाविषयीचे चित्रण अन्यायकारक असल्याचे सांगितले. संघातील अनेकांनी पुढे पदव्या पूर्ण केल्या. आर्टिस यांनी गॅरी शहराच्या पोलीस दलात सेवा केली, तर लॅटिन व्यावसायिक बास्केटबॉल खेळले.

विद्यापीठातील असंतोष मात्र खरा होता. इ.स. १९६८ च्या वसंत ऋतूत तेथील कृष्णवर्णीय धावपटू आणि ॲथलीट यांनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्धच्या स्पर्धेत उतरण्यास नकार दिला. ते विद्यापीठ ज्या मॉर्मन चर्चशी संलग्न आहे, त्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना पौरोहित्याचा अधिकार नव्हता, हे त्यामागील कारण होते. या खेळाडूंना संघातून काढून टाकण्यात आले. त्यांत बॉब बीमन यांचाही समावेश होता. त्याच वर्षी मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये बीमन यांनी लांब उडीत ८.९० मीटरचा विश्वविक्रम केला. विजेतेपदानंतर अवघ्या दोन वर्षांत त्याच संस्थेत घडलेली ही घटना संघातील प्रवेश आणि समान वागणूक यांतील अंतर स्पष्ट करते. चित्रपटाची कथा विजयोत्सवापाशी थांबत असल्याने तिचा त्यात उल्लेख येत नाही.

## प्रदर्शन आणि प्रतिसाद

मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या सुट्टीला जोडून प्रदर्शित झालेला हा चित्रपट पहिल्या सप्ताहअखेरीस अमेरिकेतील तिकीट विक्रीत अव्वल ठरला. सुमारे ३ कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जवळपास ४ कोटी ३० लाख डॉलरची कमाई केली. समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र होता. अभिनय, सामन्यांचे चित्रीकरण आणि विषयाचे महत्त्व यांची प्रशंसा झाली, तर दुर्बल संघ, कठोर प्रशिक्षक आणि अखेरचा विजय ही ठरावीक मांडणी तसेच इतिहासाशी घेतलेले स्वातंत्र्य यांवर टीका झाली. इ.स. २००६ चा सर्वोत्कृष्ट क्रीडापटासाठीचा एस्पी पुरस्कार या चित्रपटाला मिळाला.

## वारसा

हॅस्किन्स इ.स. १९९९ पर्यंत एल पासो येथेच प्रशिक्षक राहिले. ३८ हंगामांत त्यांच्या संघाने ७१९ सामने जिंकले. इ.स. १९९७ मध्ये नेस्मिथ स्मारक बास्केटबॉल गौरवदालनात त्यांचा समावेश झाला. चित्रपटानंतरच्या वर्षी, म्हणजे इ.स. २००७ मध्ये, १९६६ च्या संपूर्ण संघालाही हा सन्मान देण्यात आला. अंतिम सामन्यात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या बॉबी जो हिल यांना हे पाहता आले नाही. त्यांचे इ.स. २००२ मध्ये निधन झाले होते. हॅस्किन्स यांचे ७ सप्टेंबर २००८ रोजी निधन झाले. विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाला त्यांचे नाव असून, परिसरातील एका रस्त्याला ग्लोरी रोड असे नाव देण्यात आले आहे.